जिन्यावर पडलेला माणूस : ‘डेथ लाइन’ आणि भीतीमागचा हिशेब



गेल्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हांला चिठ्ठी दिली. तिच्यात लिहिलं होतं, “सर, तुम्ही प्लेटो सांगता, कांट सांगता. कधी एखाद्या भयपटावर बोलाल का?” आम्ही घरी जाऊन विचार केला आणि ठरवलं, बोलू की. तत्त्वज्ञानाला विषयाचं सोवळं नसतं. तर आज ज्या चित्रपटावर बोलायचं आहे त्याचं नाव ‘डेथ लाइन’. साल १९७२, दिग्दर्शक गॅरी शर्मन. हा अमेरिकन माणूस लंडनमध्ये जाहिरातपट करत होता आणि हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. सगळी गोष्ट घडते लंडनच्या भुयारी रेल्वेत. आम्ही ती शेवटासकट सांगणार आहोत, तेव्हा ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी आत्ताच कानावर हात ठेवावेत. (हशा)

या जातीच्या चित्रपटांना इंग्रजीत ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात. आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, तगणे. म्हणजे ही तगण्याची भयकथा. साधारण साचा असा असतो : चारसहा माणसं एका बंद जागी अडकतात, अंधारात काहीतरी दबा धरून असतं, आणि प्रेक्षक एकच प्रश्न विचारत बसतो, यातून कोण तगणार? भुयारी रेल्वे ही त्यासाठी आयती जागा. वाट एकच, अंधार कायमचा, शेवटची गाडी गेली की माणूस नाही. ‘डेथ लाइन’ही तिथूनच सुरू होतो. पण पुढे तो हा प्रश्नच उलटा करतो. कसा, ते आपण बघू.

गोष्ट काय आहे?

रात्रीची शेवटची गाडी. रसेल स्क्वेअर स्थानक. अ‍ॅलेक्स हा अमेरिकन विद्यार्थी आणि त्याची इंग्रज मैत्रीण पॅट्रिशिया गाडीतून उतरून वर जायला निघतात. जिन्यावर एक माणूस पडलेला. कपडे उंची, वय प्रौढ. पॅट्रिशिया थबकते. तिला वाटतं, हा मधुमेही असेल, चक्कर आली असेल. ती त्याच्या पाकिटात तसं काही कार्ड आहे का बघते. अ‍ॅलेक्स मात्र वैतागतो. त्याचं म्हणणं, दारुडा असेल, आमच्या न्यूयॉर्कमध्ये लोक अशांना ओलांडून पुढे जातात. ती हट्ट धरते म्हणून दोघं वर जाऊन पोलिसाला घेऊन येतात. येऊन बघतात तर माणूस नाहीसा झालेला.

आता पुढची गंमत बघा. गंमत म्हणजे कडू गंमत. त्या स्थानकातून याआधीही माणसं नाहीशी झालेली असतात, पण कोणाला त्याची फारशी फिकीर नसते. या वेळी पाकिटातल्या नावापुढे सरकारी किताब लागलेला असतो, जेम्स मॅनफ्रेड, ओ. बी. ई. संरक्षण खात्यातला बडा अधिकारी. मग मात्र इन्स्पेक्टर कॅल्हून जागा होतो. डोनाल्ड प्लेझन्सने हा चहाबाज, तिरकस पोलीस अधिकारी फार झकास उभा केला आहे. आणि लगेच वरून, गुप्तहेर खात्यातून, एक गृहस्थ येऊन त्याला दटावून जातात, यात नाक खुपसू नका. ती भूमिका ख्रिस्तोफर लीची, एकाच प्रसंगापुरती.

चौकशीत जुनी हकीकत निघते. १८९२ मध्ये भुयार खणताना छत कोसळलं. आत मजूर अडकले, त्यांत पुरुषही होते आणि बायकाही. आणि कंपनीचं दिवाळं निघालं. ढिगारा उपसायला पैसा नाही, म्हणून कोणी उपसलाच नाही. आतली माणसं मेली असं सर्वांनी धरून चाललं. पण ती सगळी मेली नव्हती. मेलेल्यांना खाऊन काही जगली. त्यांना मुलं झाली, त्या मुलांना मुलं झाली. आणि आता त्या वंशातला शेवटचा पुरुष आणि त्याची गरोदर, मरणाला टेकलेली बायको एवढीच उरली आहेत. तो तिच्यासाठी अन्न शोधायला फलाटावर येतो. अन्न म्हणजे आपण.

इथे एक खुलासा केला पाहिजे. ही १८९२ ची दुर्घटना कल्पित आहे. रसेल स्क्वेअर स्थानकच मुळी १९०६ साली उघडलं. चित्रपटातली बरीचशी स्थानकाची दृश्यं ऑल्डविच नावाच्या दुसऱ्या स्थानकात घेतलेली आहेत, जे पुढे १९९४ मध्ये कायमचं बंद झालं. पण गोष्ट कल्पित असली तरी तिच्यातला हिशेब कल्पित नाही. तो फार जुना आणि खरा आहे.

भुयार कसं खणलं जातं

लंडनची पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. वाफेचं इंजिन, भुयारात धूर! ती फार खोल नव्हती. रस्ता उकरायचा, चर खणायचा, त्यात रूळ टाकायचे आणि वरून छप्पर घालून पुन्हा रस्ता करायचा, अशी ती पद्धत. खरोखर खोल, जमिनीच्या पोटातून जाणारी विजेची गाडी आली १८९० मध्ये. लंडनच्या खाली चिकणमातीचा जाड थर आहे. त्यात लोखंडी ढालीच्या आडोशाने माणसं पुढे पुढे सरकत खणायची आणि मागून भुयाराला अस्तर घालत जायची.

ही ढालीची कल्पना पहिल्यांदा वापरली मार्क ब्रुनेलने, थेम्स नदीच्या तळाखालून बोगदा काढताना. काम सुरू झालं १८२५ मध्ये. १८२७ मध्ये नदी आत घुसली. जानेवारी १८२८ मध्ये पुन्हा घुसली आणि सहा माणसं बुडाली. मग पैसा संपला. त्याच वर्षी बोगद्याचं तोंड भिंत घालून बंद केलं आणि काम सातेक वर्षं तसंच पडून राहिलं. पुढे सरकारने कर्ज दिलं तेव्हा ते पुन्हा सुरू झालं आणि १८४३ मध्ये बोगदा लोकांसाठी खुला झाला. त्या भिंतीआड जिवंत माणसं नव्हती, हे सांगायला हवं. पण पैसा संपला की भुयार बुजवायचं, हा प्रकार शर्मनने हवेतून काढलेला नाही, एवढंच आपल्याला म्हणायचं आहे. त्याने फक्त एक प्रश्न जोडला : भिंतीच्या आत कोणी असतं तर?

आणि हे काही दूरच्या लंडनपुरतं नाही. लंडनची ती पहिली भुयारी गाडी ज्या १८६३ साली धावली, त्याच साली आपल्या बोरघाटातला रेल्वेमार्ग पूर्ण झाला. खंडाळ्याहून खाली उतरताना गाडी बोगद्यात शिरली की पोरं ओरडतात, आम्हीही लहानपणी ओरडायचो. तो मार्ग बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी लंडनचीच. तिच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीच्या साथीत, सुरुंगात, दरडीत त्यांतले हजारो मेले. भांडवलाला हमी होती, मजुराला कसलीच नव्हती. ठेकेदारांची नावं इतिहासात सापडतात. मजुरांची सापडत नाहीत.

भय कुठून येतं?

आता आपण रसविचाराकडे वळू. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आणि त्यांतले चार मूळचे मानले. त्या चारांतून बाकीचे चार निघतात. शृंगारातून हास्य, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक आणि रौद्रातून करुण. ‘डेथ लाइन’ला हे लावून बघा. भुयारातलं त्या माणसाचं घर कॅमेरा बराच वेळ, न तोडता, सावकाश फिरून दाखवतो. कुजलेली शरीरं, ओल, उंदीर. बीभत्स. त्यातून भय. इथपर्यंत भरताचं गणित चोख जुळतं.

पण तोच कॅमेरा फिरत फिरत एका कोपऱ्यात येतो, आणि तिथे हा नरभक्षक आपल्या आजारी बायकोशेजारी बसलेला दिसतो. हतबल. आणि पुढे ती मरते तेव्हा तो रडतो, अगदी कोणीही रडेल तसा. म्हणजे करुण आला. पण करुण तर रौद्रातून यायला हवा. रौद्र म्हणजे क्रोध, कोणीतरी संतापून केलेला घात. इथे कोण संतापला होता? कोणीच नाही! १८९२ मध्ये कोणी त्या मजुरांवर रागावलं नव्हतं, कोणी त्यांचा द्वेष केला नव्हता. कोणीतरी वही उघडली, ढिगारा उपसायचा खर्च बघितला, शिल्लक बघितली आणि वही मिटली. झालं.

आम्हांला वाटतं, या चित्रपटाचं म्हणणं इथे आहे. भरताच्या जगात मोठा घात क्रोधातून होतो. आधुनिक जगात मोठा घात कोणताही क्रोध न करता होऊ शकतो, हिशेबाने होऊ शकतो. आणि म्हणून त्याला दोषी सापडत नाही. राक्षस सापडतो, कारण राक्षसाला चेहरा आहे. कंपनीला चेहरा नाही, आणि ती तर केव्हाच बुडालेली.

आता तगण्याचा प्रश्न उलटा कसा होतो ते बघा. आपण विचारत होतो, या भुयारातून कोण तगणार? उत्तर असं की जो तगला तोच आपल्यासमोर उभा आहे. तोच राक्षस. ऐंशी वर्षं, तीनचार पिढ्या, अंधारात, अन्नाशिवाय माणसं तगली. एरवी अशा जिद्दीला आपण पराक्रम म्हटलं असतं. पण तगण्यासाठी त्यांना जे व्हावं लागलं, ते बघून आपल्याला किळस येते.

एकच वाक्य

या माणसाला भाषा नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही त्याला नाव नाही, नुसता ‘माणूस’. ह्यू आर्मस्ट्राँग या नटाने ते काम केलं आहे. त्याला एकच वाक्य येतं, ‘माइंड द डोअर्स’. म्हणजे दारं सांभाळा. भिंतीपलीकडून, फलाटावरून रोज शेकडो वेळा ऐकू येणारी रेल्वेची सूचना. पिढ्यान्‌पिढ्या माणसाचं बोलणं म्हणून त्याच्या कानावर तेवढंच पडलं.

विट्गेन्श्टाइनच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये, म्हणजे १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या पुस्तकात, सुरुवातीलाच एक कल्पना आहे. एक गवंडी आणि त्याचा मदतनीस. त्यांच्या भाषेत शब्द चारच, ठोकळा, खांब, लादी, तुळई. गवंड्याने शब्द उच्चारला की मदतनीस ती वस्तू आणून देतो. विट्गेन्श्टाइन आपल्याला सांगतो, ही पूर्ण भाषा आहे असं समजून बघा. अर्थ शब्दात भरून ठेवलेला नसतो, तो वापरात असतो.

आता आमचा हा भुयारातला माणूस घ्या. त्याच्याकडे चार शब्दसुद्धा नाहीत, एकच वाक्य आहे. पण तो ते किती परींनी वापरतो! बायको मरते तेव्हा ते विलाप होतं. पुढे तो पॅट्रिशियाला पळवून नेतो आणि ती घाबरून कोपऱ्यात जाते, तेव्हा ते विनवणी होतं. संतापला की तीच शिवी. ‘घाबरू नकोस’, ‘मला सोडून जाऊ नकोस’, ‘मी एकटा आहे’ असं सगळं त्याला त्या तीन शब्दांत कोंबायचं आहे. पॅट्रिशियाला ते कळत नाही. कसं कळणार? तिच्यासाठी ते दाराचं वाक्य आहे. आपल्याला, प्रेक्षकांना, मात्र ते थोडंथोडं कळायला लागतं. आणि कळायला लागलं की भीतीची जागा दुसरंच काहीतरी घेतं. आम्हांला विचाराल तर या चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण रक्ताचा नाहीच, तो हा आहे.

एक आक्षेप

इथे कोणी म्हणेल, आणि म्हणावंच, “सर, तुम्ही खुन्याची कड घेताय.” नाही. कारण सांगणं वेगळं आणि समर्थन करणं वेगळं. हा माणूस स्थानकात रात्रपाळीला काम करणाऱ्या साध्या कामगारांना मारतो. त्यांनी त्याचं काय बिघडवलं होतं? त्याच्या आज्यापणज्यांसारखीच ती भुयारात राबणारी माणसं. वरच्यांनी केलेल्या अन्यायाची किंमत पुन्हा खालच्यांनीच मोजली. हे चित्रपट लपवत नाही, आपणही लपवू नये. आमचं म्हणणं एवढंच की न्याय करायला बसलात तर खटल्यात दोन आरोपी हवेत. एक समोर उभा आहे. दुसरा वही मिटून गेला.

अमेरिकेत हा चित्रपट नेला तेव्हा त्याचं नाव बदललं. ‘रॉ मीट’, कच्चं मांस. नावातून भुयार गेलं, रेल्वे गेली, उरलं मांस. आम्हांला वाटतं, वितरकाने चित्रपट नीट पाहिला असता तर हे नाव देताना त्याचा हात अडखळला असता.

ओलांडून जाणं

शेवटी पुन्हा त्या जिन्याकडे येऊ. चित्रपट निघाला त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅट्सन या दोघांनी एक प्रयोग केला. तो प्रसिद्ध झाला १९७३ मध्ये. प्रयोगात धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्या. काहींना विषय दिला बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात बसवलेला होता. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांतले फक्त १० टक्के थांबले. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दयेवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

आम्ही हा प्रयोग वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. चवीने शिकवला म्हणा ना. आणि दोन वर्षांपूर्वी एका भुयारी मेट्रो स्थानकात आम्हीच जिन्यावर बसलो. आम्ही मधुमेही. सकाळी गोळी घेतली होती, खाणं राहिलं होतं, साखर उतरली. डोळ्यांपुढे अंधार, घाम, बोलता येईना. लोक दोन्ही बाजूंनी जात होते. एक जण म्हणाला, “सकाळी सकाळीच झालेली दिसतेय.” ते ऐकू येत होतं, उत्तर देता येत नव्हतं. तोंडातून काहीतरी निघालं, काय ते आम्हांलाही आठवत नाही. कोणाला कळण्यासारखं नक्कीच नव्हतं.

मग तिथे फरशी पुसणारी एक बाई आली. बादली बाजूला ठेवली, शेजारी टेकली आणि म्हणाली, “आजोबा, साखरेचा त्रास आहे का? माझ्या सासऱ्यांना पण असंच होतं.” तिने पिशवीतून बिस्किटं काढली, हातात दिली, पाणी दिलं. दहा मिनिटांत आम्ही माणसात आलो. तिला कोणीतरी हाक मारली, ती उठून गेली.

घरी आल्यावर लक्षात आलं, तिचं नाव विचारायचं राहिलं. चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाकडून! दुसऱ्या दिवशी गेलो, तर पाळी बदललेली. ठेकेदाराकडची माणसं असतात, आज इथे तर उद्या तिथे. ती काही पुन्हा भेटली नाही.

म्हणून आम्हांला वाटतं, ‘डेथ लाइन’मधली भीती अंधारातल्या माणसाची नाही. आपण वर, उजेडात, घाईत असतो आणि खाली कोणीतरी आहे हे आपल्या हिशेबात नसतं, त्याची ती भीती आहे. उलटंही घडतं, हे सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिल्क्यारा बोगदा कोसळून ४१ मजूर आत अडकले. बारा तारखेला अडकले, अठ्ठावीसला बाहेर आले. एका नळीतून त्यांना अन्न आणि हवा पोचवली, त्यांचा आवाज ऐकला. मोठी यंत्रं अडखळली तेव्हा शेवटचे काही मीटर हातांनी खणले, ते कोळशाच्या अरुंद बिळांत खणण्याची सवय असलेल्या मजुरांनी. वही तिथेही असणारच. पण सतरा दिवस ती कोणी मिटली नाही. आणि शेवटी ढिगाऱ्यापलीकडे जो हात पोचला तो पुन्हा मजुराचाच होता.

चित्रपटाच्या शेवटी तो माणूस घायाळ होऊन अंधारात निघून जातो. पोलीस येतात, भुयारातलं ते घर बघतात, सुन्न होतात. पडदा काळा होतो आणि त्या अंधारातून पुन्हा तेच वाक्य ऐकू येतं, दारं सांभाळा. रेल्वेच्या लेखी ती सूचना आहे. त्याच्या तोंडी ती काय आहे, हे आता तुम्हीच ठरवा.

आज इथेच थांबतो. जाताना जिन्यावरून सावकाश उतरा. मंडपाच्या मागे चहा ठेवला आहे. ज्यांनी तो केला आहे त्यांची नावं आम्ही मघाशी विचारून घेतली आहेत. तुम्हीही विचारा.